नर की मादी, आणि रोपं माना का टाकतात?
परसबाग : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांत दोन तक्रारी पुन्हा पुन्हा आहेत. एक, झाड फुललं पण फळ धरत नाही. दुसरी, रोपं उगवून आठ दिवसांत आडवी पडली. बहुतेक पत्रं पपईबद्दलची आहेत, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू.

प्रश्न : बाजारातून आणलेल्या पपईचं बी टाकून परसात तीन झाडं वाढवली. ती आता छातीएवढी झाली आहेत. एकाला लांब दांड्यांवर फुलांचे झुबके लोंबताहेत, दुसऱ्याला खोडालगत एकेक जाड कळी आहे, तिसऱ्याला अजून काहीच नाही. कोणतं ठेवायचं? आणि हे रोप लहान असतानाच ओळखता आलं नसतं का? (सासवड)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : नाही, डोळ्यांनी ओळखता येत नाही. सोटमूळ सरळ असेल तर नर आणि मुळाला फाटे असतील तर मादी, मधल्या भागातलं बी मादीचं, काळं बी नराचं, असं बरंच ऐकायला मिळतं. त्यावर विसंबून रोपं फेकू नका. बी पाण्यात तरंगलं तर ते पोकळ आहे एवढंच कळतं, लिंग कळत नाही. प्रयोगशाळेत पानाच्या तुकड्यावरून डीएनए तपासून सांगता येतं, पण तीन झाडांसाठी तो खटाटोप कोण करणार? लागवडीपासून पाच-सहा महिन्यांनी पहिली कळी येते, तोवर थांबणं हाच मार्ग.

कळी मात्र नीट वाचता आली पाहिजे. लांब, फांद्या फुटलेल्या, लोंबत्या दांड्यावर बारीक नळीसारखी पुष्कळ फुलं असतील तर ते झाड नर, यात शंका नाही. गोंधळ होतो तो खोडालगतच्या कळीबाबत, कारण मादी आणि उभयलिंगी ही दोन्ही फुलं पानाच्या बेचक्यात, आखूड देठावरच येतात. बोटाच्या पेराएवढी झालेली, पण न उमललेली एक कळी तोडा आणि ब्लेडने देठापासून टोकापर्यंत उभी चिरा. चीक निघेल, तो डोळ्यांना लागू देऊ नका. मादी कळी बुडाशी फुगीर आणि टोकाशी निमुळती असते. तिच्या पाच पाकळ्या थेट बुडापर्यंत सुट्या असतात, आत फिकट हिरवा गोलसर बीजांडकोश जवळजवळ सगळी जागा व्यापतो आणि त्याच्या माथ्यावर पाच झालरदार कुक्षी दिसतात. पिवळा पुंकेसर एकही नसतो. उभयलिंगी कळी सडपातळ आणि लांबट असते. तिच्या पाकळ्या खालच्या भागात जुळून नळी झालेली असते. चिरल्यावर मधोमध लांबट बीजांडकोश आणि त्याच्याभोवती, नळीच्या तोंडाशी, पिवळे पुंकेसर दिसतात. सहसा ते दहा असतात. नर फुलातही दहा पुंकेसर असतात, पण मध्ये बीजांडकोशाऐवजी नुसती सुईएवढी काडी असते.

आता तुमच्या तीन झाडांचं. दुसरं झाड उभयलिंगी निघालं तर त्याला नराची गरज नाही, ते स्वतःच्या परागावर फळ धरतं. ते मादी निघालं तर परागासाठी कुणीतरी लागेल. त्यामुळे तिसरं फुलेपर्यंत नराला हात लावू नका. तिसरं उभयलिंगी निघालं की नर काढायला हरकत नाही. तिसरंही मादीच असेल तर नर ठेवा, एक नर दहा-बारा माद्यांना पुरतो. शेजाऱ्याच्या आवारात नर किंवा उभयलिंगी पपई असेल तर तेवढ्यानेही काम भागतं. परागाविना मादीला कधीमधी बिनबियांचं फळ धरतं, पण त्याच्या भरवशावर राहू नये. काढायचं झाड उपटू नका. पपईची मुळं वरवर पसरलेली असतात, शेजारच्या झाडाला धक्का बसतो. जमिनीलगत कापा.

नर किती निघतील याचा अंदाज मात्र बी घेतानाच बांधता येतो, आणि हा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. पपईत मादी एक्स-एक्स, नर एक्स-वाय, आणि उभयलिंगीत एक्सच्या जोडीला वायचाच थोडा वेगळा प्रकार असतो. दोन वाय एकत्र आले तर तो गर्भ जगत नाही. त्यामुळे,

मादीला नराचा पराग लागला तर निम्मी रोपं नर, निम्मी मादी;
उभयलिंगी झाडाला स्वतःचाच पराग लागला तर दोन भाग उभयलिंगी, एक भाग मादी, नर एकही नाही;
मादीला उभयलिंगीचा पराग लागला तर निम्मी मादी, निम्मी उभयलिंगी;
उभयलिंगीला नराचा पराग लागला तर तिन्ही प्रकार सारख्या प्रमाणात.

बाजारातली लांबट पपई बहुधा उभयलिंगी झाडाची असते, गोल आणि आतून मोठ्या पोकळीची बहुधा मादीची. तुमच्याकडे नर निघाला, याचा अर्थ त्या बागेत किंवा आसपास एखादा देशी नर उभा होता.

म्हणूनच वॉशिंग्टन, पुसा ड्वार्फ, पुसा नन्हा, को-२ अशा नर-मादी वेगळ्या असलेल्या जाती लावताना एका खड्ड्यात तीन रोपं, एकमेकांपासून वीतभर अंतरावर लावायची. दोनच लावली तर दोन्ही नर निघण्याची शक्यता चारात एक, तीन लावली तर आठात एक. कुर्ग हनी ड्यू, सूर्या, पुसा डेलिशस, को-७, रेड लेडी या जातींत फक्त मादी आणि उभयलिंगी झाडं येतात, तिथे खड्ड्याला एक रोप पुरे.

प्रश्न : आमच्या नर पपईला फळ येत नाही म्हणून वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून खोडात खिळा ठोकला. दोन महिन्यांनी लांब दांड्यांवर चार-पाच लहान पपया लटकल्या! म्हणजे हा उपाय खरा मानायचा का? (देवगड)

फळं खरी, श्रेय खिळ्याचं नाही. नर पपईच्या काही झाडांत थंडीच्या दिवसांत काही फुलांमधल्या त्या सुईएवढ्या काडीची वाढ होते आणि लांब दांड्यावर लहान, निमुळती फळं धरतात. खिळा न ठोकलेल्या झाडावरही ती दिसतात. उन्हाळा आला की झाड पुन्हा निव्वळ नराच्या वळणावर जातं. फळ खायला हरकत नाही, पण गर पातळ असतो.

शेंडा छाटणं, खोडाला दगड बांधणं, खोड चिरून काडी खुपसणं हे सगळं याच पंक्तीतलं. शेंडा छाटला तर बाजूने फुटवे येतात आणि तेही नरच असतात. खिळ्याच्या जखमेतून मात्र पावसाळ्यात खोडकूज शिरू शकते. खिळा काढा आणि त्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा.

प्रश्न : रेड लेडीची चाळीस झाडं आहेत. खाली फळं भरपूर, मग खोडाचा हातभर पट्टा अगदी मोकळा, आणि त्याच्या वर पुन्हा फळं. थंडीत धरलेली काही फळं वेडीवाकडी, खोल घड्या पडलेली आहेत. बी बोगस निघालं का? (शहादा)

बी ठीक आहे. झाडाच्या खोडावर गेल्या वर्षाचं हवामान लिहिलेलं आहे, ते वाचा.

उभयलिंगी फूल हवामानाप्रमाणे दोन्हीकडे झुकतं. कडक उन्हाळ्यात, त्यातून पाण्याचा ताण पडला तर, फुलातला बीजांडकोश आक्रसतो आणि फूल नुसतं नराचं काम करून गळून पडतं. एप्रिल-मे मध्ये निघालेल्या पानांच्या बेचक्यांत म्हणूनच फळ नाही. तोच तुमचा मोकळा पट्टा. याच्या उलट, थंडीत आणि नत्र व ओलावा जास्त झाला असता पुंकेसर बीजांडकोशाला चिकटून त्याचाच भाग होऊ लागतात. त्या फळाला घड्या पडतात, एका बाजूने ते दबतं. मादी झाडांत हे दोन्ही दोष दिसत नाहीत. तुमच्या बागेत गोल फळांची झाडं शोधा, त्यांच्या खोडावर पट्टा नसेल किंवा अगदी लहान असेल.

घड्या पडलेली फळं लिंबाएवढी असतानाच खुडून टाका. ती सुधारत नाहीत आणि शेजारच्या चांगल्या फळाची जागा अडवतात. उन्हाळ्यासाठी आळ्यात उसाच्या पाचटाचं चार बोटं जाड आच्छादन घाला, ठिबक रोज थोडं थोडं चालवा. चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी तुडुंब, असं नको. हिवाळ्याच्या तोंडावर युरियाचा हात आखडता घ्या. एवढं करूनही शहाद्याच्या मे महिन्यात थोडा पट्टा राहणारच.

या झाडांच्या फळांचं बी धरून पुढची लागवड करू नका. रेड लेडी संकरित आहे. पुढच्या पिढीत नर निघणार नाहीत कदाचित, पण उंची, फळाचा आकार, गराचा रंग यांत सरमिसळ होते.

प्रश्न : डिसेंबरात पपईचं बी पिशव्यांत टाकलं. पंचवीस दिवस झाले, साठातली चारच उगवली. बी फळातून काढून लगेच टाकलं होतं, म्हणजे ताजं होतं. (नाशिक)

दोन गोष्टी एकावेळी आडव्या आल्या. पपईच्या बीभोवती जी बुळबुळीत पारदर्शक पिशवी असते, तिच्यात उगवण रोखणारे पदार्थ असतात. ती न काढता पेरलं की बी मातीत नुसतं बसून राहतं, आणि बराच काळ बसलं की कुजतं. दुसरं कारण नाशिकची थंडी. पपईला २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवतं. रात्रीचा पारा दहाच्या आसपास असेल तर तिची उगवण रखडते.

पूर्ण पिकलेल्या फळाचं बी घ्या. चाळणीत राख किंवा जाड वाळू घालून हाताने चोळा, पिशव्या फुटून बी खरखरीत लागलं पाहिजे. तीन-चार पाण्यांनी धुवा, तरंगणारं फेका, सावलीत दोन-तीन दिवस सुकवा. पेरण्याआधी २४ तास पाण्यात भिजवा आणि मध्ये दोनदा पाणी बदला. रोपवाटिकावाले या पाण्यात उगवणीला चालना देणारं जिबरेलिक आम्ल २०० पीपीएम घालतात, म्हणजे ५ लिटरला १ ग्रॅम. भुकटी आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवावी लागते, थेट पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात. घरच्या पन्नास बियांना ते नसलं तरी चालतं. बी १ सेंटिमीटर खोल टाका, त्याहून खोल नको. उगवायला ऊब असताना दोन-तीन आठवडे लागतात.

नाशिकला थंडीतच रोपं करायची असतील तर पिशव्या रात्री पारदर्शक प्लॅस्टिकखाली झाका आणि सकाळी ऊन आलं की प्लॅस्टिक उचला. नाहीतर सरळ फेब्रुवारी उजाडू द्या. उरलेल्या छप्पन पिशव्या मात्र लगेच ओतू नका. दोन-चार उकरून बी बोटांत दाबून बघा. टणक असेल तर अजून आशा आहे, पिचून पांढरट पाणी आलं तर ते गेलं.

प्रश्न : गॅलरीत कागदी कपांत पपई, टोमॅटो, मिरचीची रोपं केली. उगवण उत्तम झाली. दहाव्या दिवशी सकाळी काही रोपं आडवी, दुसऱ्या दिवशी शेजारची. पानं अजून हिरवीगार आहेत. पाणी रोज दोन वेळा घालते. (ठाणे)

पत्राच्या शेवटच्या वाक्यात कारण आहे.

आधी खात्री करा. एक आडवं पडलेलं रोप मातीसकट उचला आणि जमिनीच्या रेषेवर बघा. तिथे देठ पाणी मुरल्यासारखं, तपकिरी आणि दोऱ्याइतकं बारीक झालं असेल, वरचा भाग मात्र हिरवा असेल, तर ही रोपमर. देठ स्वच्छ कातरलेलं आणि वरचा तुकडा बाजूला पडलेला असेल तर ती कुरतडणारी अळी, रात्री बॅटरी घेऊन शोधा. देठ शाबूत, पण मूळ तपकिरी आणि चिमटीत ओढल्यावर साल निसटून आत पांढरा दोरा राहत असेल तर मूळकूज. तिन्हींवरचं औषध वेगळं.

रोपमर मुख्यतः पिथियम आणि रायझोक्टोनिया या बुरशींमुळे येते. पिथियमचे बीजाणू पाण्यात पोहतात. माती सतत चिंब, कप एकमेकांना खेटून, हवा खेळत नाही, अशा ठिकाणी एका कपापासून दुसऱ्यापर्यंत जायला त्यांना एक रात्र पुरते. आज हे करा : पडलेली रोपं कपासकट बाहेर काढा, ती माती दुसऱ्या कुंडीत ओतू नका. बाकीच्या कपांच्या बुडाला भोकं आहेत का बघा, नसतील तर तीन-चार पाडा. कपांमध्ये चार बोटं अंतर ठेवा. कॉपर ऑक्सिक्लोराइड या ताम्रयुक्त बुरशीनाशकाची ५० टक्के भुकटी लिटरला ३ ग्रॅम पाण्यात ढवळून देठाजवळ ओता, माती बुडापर्यंत भिजेल इतकं. हातमोजे घाला, उरलेलं द्रावण मोरीत नको. त्यानंतर वरची माती बोटाला कोरडी लागेपर्यंत पाणी बंद, आणि पुढे पाणी फक्त सकाळी. संध्याकाळी भिजवलेली माती रात्रभर ओली राहते, आणि पावसाळ्यात ठाण्याची हवा ती सुकू देत नाही. देठ बारीक झालेलं रोप वाचत नाही. त्याला काठीचा आधार देत बसू नका.

पुढच्या वेळी मिश्रण हलकं घ्या : एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू किंवा कोकोपीट. कोकोपीटची वीट फुलवल्यावर दोन-तीन पाण्यांनी धुवून पिळा. न धुतलेल्यात क्षार राहतात आणि रोपांच्या पानांच्या कडा करपतात. मे महिन्यात ही ओलसर माती पारदर्शक प्लॅस्टिक पिशवीत भरून, तोंड बांधून, गच्चीवर उन्हात चार ते सहा आठवडे ठेवली तर बुरशीचा भार बराच उतरतो. काळी पिशवी नको, तिच्यात ऊन आतवर पोचत नाही. माती थंड झाली की ट्रायकोडर्मा किलोला १० ग्रॅम मिसळा. एक मात्र लक्षात ठेवा. ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशींना आवरणारी, पण स्वतःच एक बुरशी आहे. ती घातली आणि चार दिवसांनी ताम्रयुक्त औषध ओतलं की दोन्हींचे पैसे वाया. मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या.

प्रश्न : दोडक्याची आणि काकडीची रोपं लांबुडकी, पांढरट होतात. काहींच्या डोक्यावर बीचं टरफल तसंच अडकलेलं असतं आणि पानं उघडतच नाहीत. (कोल्हापूर)

लांबुडकी होतात ती उजेडाअभावी. बी उगवेपर्यंत कप सावलीत चालतात, पण मातीतून पहिला हिरवा वाक दिसला की त्याच दिवशी उघड्यावर न्या. दोन दिवस उशीर झाला तरी देठ ताणलं जातं, आणि ताणलेलं देठ पुन्हा आखूड होत नाही. लावताना दोन पानांपर्यंत मातीत बसवणं हा टोमॅटोचा उपाय आहे. काकडीवर्गाचं देठ पुरलं तर कुजतं.

टरफल अडकतं ते बी वरवर पेरल्यामुळे. वर येताना मातीने ते ओढून काढायचं असतं. बी २ ते २.५ सेंटिमीटर खोल पेरा आणि वरची माती हाताने हलकी दाबा. अडकलेलं टरफल कोरडं असताना ओढू नका, पानं फाटतात. ओला कापूस त्यावर अर्धा तास ठेवा, मग नखाने सोडवा. या वेलांच्या मुळांना दुखापत सोसत नाही, म्हणून दोन खरी पानं आली की, म्हणजे बारा-पंधरा दिवसांत, कप फाडून मातीच्या गड्ड्यासकट लावा. जागा असेल तर थेट आळ्यातच बी टाकणं सर्वांत चांगलं.

प्रश्न : न्यू जर्सीत मागच्या अंगणात दुधी लावतो. जुलैभर नुसती नर फुलं. ऑगस्टात दोन-चार मादी फुलं येतात, पण मागचा छोटा दुधी पिवळा पडून गळतो. मधमाश्या दिवसभर असतात. (एडिसन, न्यू जर्सी)

दुधीच्या एकाच वेलावर नर आणि मादी दोन्ही फुलं येतात, आधी नर, मग मादी. किती लवकर मादी येईल ते दिवसाच्या लांबीवर आणि उष्म्यावर ठरतं. तुमच्याकडे जूनमध्ये दिवस १५ तासांचा असतो, आणि मोठा दिवस वेलाला नराकडे झुकवतो. दोडक्याचं तर याहून जास्त. त्यात लॉनसाठी टाकलेलं नत्र मिळालं की पाला माजतो आणि मादी फुलं आणखी लांबतात. एप्रिलअखेर घरात रोपं करा, शेवटचा फ्रॉस्ट गेल्यावर बाहेर लावा. मुख्य वेल मांडवावर पोचला, सात-आठ पानांचा झाला की शेंडा खुडा. दुधीची मादी फुलं मुख्य वेलापेक्षा बाजूच्या फुटव्यांवर जास्त येतात. त्या फुटव्यांचेही शेंडे खुडून तिसऱ्या फुटीवर फुलं घेण्याला आपल्याकडे थ्रीजी कटिंग म्हणतात. नाव नवं असलं तरी युक्ती जुनीच.

दुसरी अडचण वेळेची आहे. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, त्यामुळे दिवसा फिरणाऱ्या मधमाश्यांचा त्यांना फारसा उपयोग नाही. आपल्याकडे हे काम पतंग करतात. संध्याकाळी ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि पुंकेसर मादी फुलाच्या तिन्ही कुक्षींवर हलकेच फिरवा. एका नरावर दोन माद्या होतात. परागण लागलं असेल तर तीन-चार दिवसांत देठ खाली वळतं आणि फळ फुगू लागतं. दोडक्यालाही संध्याकाळच, पण घोसाळं, काकडी आणि लाल भोपळा यांना सकाळ, भोपळ्याला तर उजाडताच. नऊ वाजता भोपळ्याचं फूल मिटू लागलेलं असतं.

शेतकरी मादी फुलं वाढवण्यासाठी इथेफॉन फवारतात : ३९ टक्के द्रावण लिटरला सुमारे अर्धा मिली, दोन पानांवर एकदा आणि चार पानांवर एकदा. मोठ्या झालेल्या वेलावर ते फवारून उपयोग नाही. घरच्या दोन वेलांसाठी आम्ही ते सुचवणार नाही.

प्रश्न : रानातून कर्टुल्याचा कंद आणून कुंपणावर लावला. दोन पावसाळे वेल झकास, फुलंही पिवळीधमक, पण एकही कर्टुलं नाही. (भोर)

एकच कंद म्हणजे एकच लिंग. कर्टुल्यात नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. तुमच्याकडे कोणता आहे ते एका फुलावरून कळेल. पाकळ्यांच्या मागे देठाच्या टोकाला लहान काटेरी गाठ दिसली तर मादी. गाठ नसून कळीला खालून पानासारख्या एका गोल छदाने कवटाळलेलं असेल तर नर.

मादी असेल तर तिला एक नर हवा. नर असेल तर माद्या हव्यात, आणि एक नर आठ-दहा माद्यांना पुरतो. बी पेरून भागवायचं म्हटलं तर टरफल जाड, सुप्तावस्था लांब, उगवण अडखळत, आणि जे उगवेल त्यात निम्मे नर. कंद घेणंच शहाणपणाचं. पण कंद पाहून लिंग सांगणाऱ्या विक्रेत्याचं ऐकू नका. वेल फुलावर असताना, म्हणजे जुलै-ऑगस्टात, ज्याच्याकडे वेल आहे त्याच्या कुंपणावर जा, मादी वेलाच्या बुडाशी लाल आणि नर वेलाच्या बुडाशी पांढरी सुतळी बांधून या. पावसाळ्यानंतर वेल वाळून जातो. कंद जमिनीत झोपलेला असतो, तो फेब्रुवारी-मार्चमध्ये खुणेवरून उकरून आणा. या फुलांची वेळही संध्याकाळचीच, हाताने परागण करायचं तर दिवेलागणीला.

प्रश्न : बांधावर रातांब्याची (कोकमाची) बारा झाडं बियांपासून वाढवली. सातव्या वर्षी फुलली, त्यातल्या सातांना फळच नाही. तोडायची का? आणि सुपारीच्या बागेत जायफळ लावायचं आहे, तिथेही असंच होतं का? (कुडाळ)

होतं. कोकम आणि जायफळ या दोन्हींत नर-मादी झाडं वेगळी, बियांच्या रोपांत साधारण निम्मे नर, आणि कळायला सहा ते आठ वर्षं. पपईत चूक पाच महिन्यांत उमगते, इथे उमगेपर्यंत मूल शाळेत जायला लागतं. म्हणून या दोन झाडांबाबत आमचं मत ठाम आहे : बियांची रोपं लावू नका, मादी झाडाची कलमंच लावा.

तुमच्या सातांतली नर खात्रीने कोणती ते यंदा फुलोऱ्यात बघून घ्या. नर फुलं झुपक्याने येतात आणि मध्ये पुंकेसरांचा दाट गोळा असतो. मादी फुलात मध्ये हिरवा गोल बीजांडकोश आणि त्यावर चपटी, खाचा पडलेली कुक्षी असते. बारा झाडांना एक नर पुरे, दुसरा हाताशी असावा म्हणून दोन ठेवा, शक्यतो बांधाच्या दोन टोकांना. बाकीची तोडण्याआधी एक पर्याय आहे. झाड छातीच्या उंचीवर कापून नवे धुमारे येऊ द्यायचे, आणि ते कोवळे असताना त्यांवर मादी झाडाच्या काड्यांची मृदकाष्ठ (कोवळ्या फुटीवरची) कलमं बांधायची. जुनं मूळ तयारच असल्याने वाढ झपाट्याने होते. पण कलम बांधणारा हात सराईत हवा. काडी घेताना ती उभ्या वाढणाऱ्या शेंड्याचीच घ्यावी. आडव्या फांदीची काडी बांधली तर झाड आयुष्यभर आडवंच पसरतं, उंची धरत नाही. जायफळालाही हाच नियम.

नवीन लावायची तर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने कोकण अमृता आणि कोकण हातीस या रातांब्याच्या जाती दिल्या आहेत. जायफळात कोकण सुगंधा आणि कोकण स्वाद आहेत. विद्यापीठाच्या किंवा परवानाधारक रोपवाटिकेतून घ्या, आणि पिशवीवर 'मादी कलम' आणि 'नर कलम' अशी स्वतंत्र चिठ्ठी मागून घ्या. कलमाला चौथ्या-पाचव्या वर्षी फळ दिसतं. जायफळाच्या दहा मादी कलमांमागे एक नर कलम लावा.

कलम ज्यावर बांधायचं त्या खुंटाच्या रोपासाठी बी लागेलच. ते साठवू नका. रातांबा असो की जायफळ, बी सुकलं की मरतं. फळातून काढलेलं बी धुवून, सावलीत जेमतेम पाणी निथळू देऊन त्याच आठवड्यात पिशवीत टाका. उगवायला महिनाभर तरी लागतो, जायफळाला कधी तीन. तोवर पिशव्या सावलीत आणि माती ओलसर ठेवायची, ओली गच्च नाही.

प्रश्न : कारल्याची आणि दुधीची कोवळी फळं पिवळी पडून गळतात. परागण झालं नाही की किडीमुळे, हे कसं ओळखायचं? (बारामती)

गळलेलं फळ चिरा. आत स्वच्छ, बी न भरलेलं, टोकाकडून आक्रसलेलं असेल तर परागण चुकलं. सालीवर टाचणीने टोचल्यासारखा ठिपका, त्यातून डिंकासारखा थेंब आणि आत पांढऱ्या अळ्या असतील तर फळमाशी. तिच्यासाठी क्यू ल्युअरचे (नर माश्यांना ओढून घेणाऱ्या आमिषाचे) सापळे वेल फुलावर येण्याआधीच टांगा, आणि गळलेली फळं रोज गोळा करून प्लॅस्टिक पिशवीत बांधून उन्हात ठेवा. नुसती उकिरड्यावर टाकली तर अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि पुढची पिढी तिथूनच उठते. ठिपका पडलेलं फळ वेलावर ठेवूनही काही मिळत नाही, तेही त्याच पिशवीत टाका.